जिन्यातल्या काचा

थोरली जाऊ दुपारी पुन्हा दुकानात आली आणि काही न बोलता कतरणीच्या खोक्यात हात घालून पट्टी शोधू लागली, तेव्हा धाकटीच्या हातातला काच कापायचा हिरा जागच्या जागी थांबला.

"ताई, सकाळी नेलीत ना एक?"

"नेली."

"मग?"

"मग काय? फुटली." थोरलीने बोटाएवढी रुंद, वीतभर लांब पट्टी उजेडात धरून पाहिली. "ही चालेल. जरा कडा घासून दे."

सकाळी ती म्हणाली होती की एका कारागिणीच्या हातातलं कापडाचं गाठोडं जिन्यात आपटलं, म्हणून काच गेली. धाकटीला ते पटलं होतं. गाठोडी मोठी, जिना अरुंद, आणि थोरलीच्या कारागिणी चालताना तोंडाने बोलतात, डोळ्यांनी बघत नाहीत.

"पुन्हा गाठोडं आपटलं?"

"तू काचवाली ना? मग काच दे. वकिली नको करूस."

बोलण्यात नेहमीचा फणकारा होता, पण पट्टी पुढे करताना ती तिच्या हातून निसटून खोक्यात पडली. थोरलीच्या हातून काही निसटलेलं धाकटीने कधी पाहिलं नव्हतं. मोठे दीर गेले त्या दिवशीसुद्धा तिने सगळ्यांचा चहा केला होता आणि एक थेंब बशीत सांडू दिला नव्हता.

इमारत जुनी होती. इतकी जुनी, की नळ दुरुस्त करायला आलेला माणूस आधी नळाकडे बघायचा, मग छताकडे, आणि "सामान घेऊन येतो" म्हणून जायचा तो गेलाच. तळमजल्यावर धाकटीचं फ्रेमचं दुकान आणि मागे तिचं बिऱ्हाड. पहिल्या मजल्यावर क्लासवाले सर, दुसऱ्यावर थोरलीचं घर आणि शिवणाचा कारखाना, तिसऱ्यावर एकटे पोस्टमास्तर, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पोस्टमास्तरच.

इमारत म्हातारी होत होती आणि शहर वयात येत होतं. रस्त्याच्या टोकाला काचेचे टॉवर उभे राहिले होते आणि त्या वाढीचं पाणी झिरपत झिरपत सगळ्यांच्या मुळाशी येत होतं. थोरली टॉवरच्या रखवालदारांचे गणवेश शिवत होती. धाकटीचा नवरा त्याच टॉवरच्या बाहेरून दोराला लटकून काचा बसवायचा. वर चढताना फोन खाली ठेवावा लागे, म्हणून बायकोने दिवसभरात त्याची आठवण काढायची ती मनातल्या मनात. सरांचा क्लास ओसंडून वाहत होता, कारण प्रत्येक आईबापाला आपलं पोर टॉवरात बसवायचं होतं. आणि टॉवरात बसलेल्यांना घरी नेऊन सोडायला रस्त्याच्या पोटातून रेल्वेचा बोगदा खोदणं चालू होतं.

बोगद्याचं यंत्र अजून पलीकडच्या चौकाखाली होतं तेव्हाच जिन्याच्या भिंतीला भेग पडली. पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत, केसांतून भांग पाडावा तशी. इंजिनीअरबाई आल्या. त्यांनी प्रत्येक मजल्याच्या वळणावर भेगेवर आडवी एक काचेची पट्टी ठेवली आणि तिची दोन्ही टोकं भिंतीला पक्की चिकटवली.

"भिंत जराशी जरी हलली तरी ही फुटेल," त्यांनी सगळ्यांना जिन्यात उभं करून सांगितलं. "रबर ताणतं, लाकूड वाकतं. काच तसलं काही करत नाही. काच फुटली की मला कळवायचं, आणि इमारत रिकामी करायची. दर गुरुवारी मी बघून जाईन."

रिकामी करायची म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. मागच्या गल्लीतली इमारत अशीच रिकामी केली होती. तिथल्या लोकांना शहराबाहेर पत्र्याची तात्पुरती घरं दिली. त्यातल्या एका शिंप्याला तिथे तात्पुरतं बाळ झालं, ते आता तात्पुरत्या शाळेत दुसरीत होतं. शिंप्याला मात्र तिथे काम मिळालं नाही, ना तात्पुरतं ना कायमचं.

आज गुरुवार होता. आजच्या पाहणीत काचा शाबूत निघाल्या की बोगद्याचं यंत्र संध्याकाळी पुढे सरकणार होतं. त्यांच्या इमारतीच्या खालून.

धाकटीने पट्टी घेतली, दगडावर कडा घासायला सुरुवात केली. तिची ही सवय होती. कतरण कुणाला फुकट दिली तरी कडा घासून द्यायची, नाहीतर घरी जाऊन बोट कापून घेतील आणि वर नाव आपलं घेतील. घासता घासता तिच्या मनात कुठून तरी पोस्टमास्तर आले.

मागे पोस्टमास्तर आले होते. "माशांच्या पेटीला झाकण हवंय, एवढीशी पट्टी द्या." तिने दिली होती. पोस्टमास्तरांकडे मासे?

आणि सर. "प्रयोगाला हवी आहे, प्रकाश वाकतो ते मुलांना दाखवायचंय." तीही वीतभर. तीही बोटाएवढी. ते तर दोनदा आले होते.

तिचा हात दगडावर थांबला.

"अगं, झोपलीस का? दे लवकर. बाई यायची वेळ झाली."

"ताई, तुम्ही वर-खाली करता तेव्हा बाकीच्या मजल्यांवरच्या काचा बघता?"

"रोज बघते. खालचीही धड आहे, वरचीही धड आहे. म्हणून तर सांगते ना, माझीच नुसती धक्क्याने फुटतेय. भिंत हलली असती तर सगळ्याच नसत्या फुटल्या?"

धाकटीने पट्टी गल्ल्यावर ठेवली. दिली नाही. "या माझ्याबरोबर," म्हणाली आणि दुकानातून बाहेर पडून जिन्याला लागली.

पहिल्या मजल्याच्या वळणावर तिने पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. दुसऱ्या मजल्यावर भेगेच्या दोन्ही बाजूंना नुसते चिकटवलेले तुकडे उरले होते आणि मधल्या फटीत आता तिची करंगळी जाईल असं वाटत होतं. तुकड्याची कडाही गुळगुळीत होती. ती तिसऱ्या मजल्यावर गेली. मागून थोरली धापा टाकत, "अगं काय लावलंयस, मला कामं आहेत," असं म्हणत येत होती. तिसऱ्या मजल्यावरची पट्टी चकचकीत होती, पोस्टमास्तरांनी बहुधा रोज पुसलेली. धाकटीने बोट फिरवलं.

गुळगुळीत.

"ताई, इंजिनीअरबाईंनी लावलेल्या पट्ट्यांच्या कडा धारदार होत्या. मी हात लावायला गेले तर 'जपून' म्हणाल्या होत्या. ही माझी काच आहे. खालचीही माझीच. तुमची तर आहेच." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "या जिन्यात त्यांची एकही काच उरलेली नाही."

थोरलीने पट्टीकडे पाहिलं, मग वळणावरून खाली. खालच्या मजल्यावर क्लासमधली पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती.

"म्हणजे म्हाताऱ्यानेसुद्धा?" ती अखेर म्हणाली.

दार उघडलं. पोस्टमास्तर दारामागेच उभे असावेत. "म्हातारा ऐकतोय," ते म्हणाले. "आणि म्हाताऱ्याला वाटलं होतं, आपल्याच मजल्याची फुटली. खाली तुमची आणि सरांची धड होती. मी म्हटलं, माझ्या चालण्याने फुटली असेल, मी पाय आपटून चालतो."

"तुम्ही आणि पाय आपटून! तुम्ही चाललात तर मांजराला कळत नाही."

"म्हणूनच जास्त काळजी वाटली," पोस्टमास्तर म्हणाले.

सर वर आले, कारण जिन्यातल्या बोलण्याने त्यांच्या पोरांचं लक्ष उडालं होतं. त्यांच्या हातात खडू होता. काय झालंय ते धाकटीने सांगितलं. सर आधी हसले, चूक पकडली गेलेला माणूस हसतो तसं, आणि मग एकदम थांबले.

"पण वरच्या दोन्ही शाबूत होत्या ना," ते म्हणाले. "मी रोज बघायचो. माझी फुटली तेव्हा मी स्वतःला म्हटलं, एका मजल्यावर फुटली आणि दोन मजल्यांवर नाही, म्हणजे भिंत नाही, चिकटवणीत दोष."

"सर, तुम्ही दोनदा आलात."

"हो. दुसऱ्यांदाही वरच्या शाबूतच होत्या."

चौघं जिन्यात उभी होती आणि एकमेकांकडे बघत नव्हती. इतके दिवस प्रत्येकाने आपली फुटकी काच झाकली होती आणि शेजाऱ्याची धड काच बघून सुखाने झोप घेतली होती. कुणीच कुणाला फसवायला निघालं नव्हतं. सरकारला थोडं फसवायचं होतं, एवढंच.

वरून कुठून तरी वाळूची बारीक धार भिंतीवरून ओघळली आणि पोस्टमास्तरांच्या सपातेवर पडली. त्यांनी पाय उचलून झटकला. सगळ्यांनी पाहिलं.

सर पहिल्यांदा हलले. खाली गेले, आणि त्यांचा आवाज वर ऐकू आला, अगदी नेहमीचा, कंटाळवाणा: "वह्या मिटा. आज माझं डोकं दुखतंय. एकेकाने जायचं, पळायचं नाही. पळेल त्याला उद्या दुप्पट गणितं." पोरांनी ओरडत आनंद केला. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी दिली होती.

"बघा," पोस्टमास्तर म्हणाले, "त्यांनी पोरं बाहेर काढली."

"त्यांचं बरं आहे," थोरली म्हणाली. "पोरं उद्या येतील. माझी गाडी आज येणार." ती धाकटीकडे वळली. आता तिचा आवाज खाली आला होता, आणि तोच जास्त भीतीदायक होता. "हे बघ. टॉवरचं उद्घाटन आहे. गणवेश आज गाडीत चढले नाहीत तर त्यांना दुसरे शिंपी मिळायला उशीर लागत नाही. कॉलर तेवढ्या राहिल्यात. संध्याकाळी गाडी गेली की मी स्वतः त्या बाईंना फोन करते. स्वतः. पण आत्ता ती पट्टी दे, आणि बाई आल्या की गप्प राहा."

"यंत्र आज संध्याकाळी खालून जाणार आहे."

"यंत्र हळू जातं. कासवासारखं जातं म्हणे."

"ताई, सकाळची पट्टी दुपारपर्यंत टिकली नाही."

"मला माहीत आहे!" थोरली ओरडली आणि लगेच खालच्या मजल्यावरच्या कारखान्याच्या दाराकडे बघून तिने ओठ मिटले. आत शिवणयंत्रं चालू होती. आतल्या बायकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या रोज सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकावरून यायच्या, गाठोडी घेऊन या जिन्याने चढायच्या, आणि त्या काचेच्या पट्टीला 'इंजिनीअरबाईंचं थर्मामीटर' म्हणायच्या.

"त्यांना सांगायला नको?" धाकटी म्हणाली.

"सांगितलं तर उठतील."

"हो."

"उठल्या तर कॉलर कोण लावणार?"

पोस्टमास्तर घरात जाऊन एक पिशवी घेऊन आले होते. पिशवीत काय होतं कोण जाणे, पण पायात आता बूट होते. "मी खाली बाकावर बसतो," ते कुणाकडे न बघता म्हणाले. "आज ऊन छान आहे." ऊन टाळू भाजेल असं होतं.

तेवढ्यात खालून हाक आली. इंजिनीअरबाई आल्या होत्या. थोरली झटकन खाली आपल्या मजल्याच्या वळणावर उतरली, मागोमाग धाकटी.

इंजिनीअरबाई तरुण होत्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात दोन फोन, आणि ते दोन्ही वाजत होते. "हो सर, पोचले. हो, बघते आणि लगेच कळवते," असं म्हणत त्या पहिल्या वळणावर आल्या. पट्टीवर बॅटरीचा झोत टाकला. "शाबूत," स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की वरून वाकून बघणाऱ्या धाकटीला त्यांची कीव आली. म्हणजे यांनाही काच फुटायला नकोच होती.

मग त्या वर आल्या. दुसऱ्या वळणावर धाकटी आणि थोरली शेजारी उभ्या होत्या. थोरली भेगेच्या पुढे उभी राहिली होती, अंगाने काच झाकून. तिने धाकटीकडे पाहिलं. त्या पाहण्यात दम नव्हता, विनवणी होती, आणि थोरलीला विनवणी करायची सवय नसल्यामुळे ती ओबडधोबड झाली होती.

"बाजूला होता का जरा?" इंजिनीअरबाई म्हणाल्या.

थोरली हलली नाही.

धाकटीने इंजिनीअरबाईंचा हात धरला. तसं कुणी धरत नाही, म्हणून बाई दचकल्या. धाकटीने त्यांना मजलाभर खाली नेलं, पहिल्या वळणावर, आणि त्यांचं बोट पट्टीच्या कडेवर ठेवलं.

"ही तुमची नाही. ही मी कापली. वरचीही मी कापली. मधली तर ताईंच्या मागे आहे, तिचे दोन तुकडे झालेत. सकाळपासून दुसऱ्यांदा."

वरून थोरलीचा आवाज आला, एकच शब्द: "शाबास."

इंजिनीअरबाईंनी बोट काढलं नाही. पुन्हा एकदा कडेवरून फिरवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. "शेजारची इमारत हलली," त्या पुटपुटल्या. "मागची हलली. ही कशी हलत नाही, असं मला गेल्या गुरुवारीच... पण म्हटलं, शाबूत आहे ना, मग कशाला..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. एक फोन वाजत होता तो त्यांनी कापला आणि दुसऱ्यावरून नंबर लावला. "यंत्र थांबवा. नाही सर, शाबूत नाहीत. एकही नाही. सर, आधी थांबवा, मग माझ्यावर ओरडा." मग फोन खाली करून त्या मोठ्याने म्हणाल्या, "सगळे बाहेर. सामान नाही. आत्ता, असेच. भिंतीला हात न लावता, एकामागून एक."

कारखान्याचं दार उघडलं. यंत्रं एकेक करून गप्प झाली. बायका दारात आल्या. सगळ्यांत पुढे काजवाली होती, काजं करण्यात हात बसलेली, तोंडाची फटकळ. तिने भेगेकडे पाहिलं, तुकड्यांकडे पाहिलं आणि थोरलीकडे.

"बाई, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

थोरलीने तिच्या वाटेतून अंग काढून घेतलं.

"आमचीही पोरं आहेत म्हटलं घरी," काजवाली म्हणाली. एवढंच. मग आत वळली, शिवून झालेलं एक गाठोडं उचलून काखेत मारलं आणि जिना उतरू लागली. इंजिनीअरबाई ओरडल्या, "सामान नाही म्हटलं ना!" काजवाली म्हणाली, "सामान नाही हो, आमची मजुरी आहे." तिच्या मागून प्रत्येकीने एकेक गाठोडं घेतलं. त्या बायका बोलत नाहीत असा जिना धाकटीने पहिल्यांदाच ऐकला.

सगळ्या गेल्यावर थोरली आत गेली आणि यंत्रावर बसली. पाय टाकला. यंत्र चालू झालं.

"ताई!" धाकटी दारातून म्हणाली.

"तू जा. तुझं झालं ना सांगून? तू खरं बोललीस, तुझ्या खऱ्याला मेडल मिळेल. मला कॉलर लावू दे."

"ताई, चला."

"कुठे चला? पत्र्यात?" ती मान वर न करता शिवत होती. "हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, बिचारी. तू सुद्धा म्हणालीस, मी ऐकलंय. या यंत्रावर बसले तेव्हापासून मला कुणी बिचारी म्हटलेलं नाही. तिकडे पत्र्यात कोण येणार आहे मला काम द्यायला? जा तू. मी एवढं संपवते आणि येते."

भिंतीच्या आतून एक आवाज आला, लांबवर कुणी खाट ओढावी तसा. खिडकीची चौकट कुरकुरली. खालून इंजिनीअरबाई हाका मारत होत्या.

धाकटी आत आली. तिने थोरलीचा हात धरला नाही, यंत्रही बंद केलं नाही. काजवालीचं स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि समोरच्या ढिगातून एक सदरा घेतला.

"हे काय?"

"तुम्ही बसणार असाल तर मीही बसते. दोघी मिळून लवकर होईल."

"तुला शिवता येतं का?"

"नाही."

तिने कॉलर धरली, सुईखाली घातली आणि पाय दाबला. यंत्र घोड्यासारखं उधळलं. तिच्या डोळ्यांपुढे तिची पोरगी होती, कॉलेजातून सुटून आता रस्त्याच्या वळणावर आली असेल. तिने पाय पुन्हा दाबला.

थोरली बघत होती. काही क्षण नुसती बघत होती, आणि मग तिच्यातल्या शिंपिणीला ते सहन झालं नाही. "अगं उलटी लावलीयस! कॉलर उलटी! कापड फुकट घालवलंस, मूर्ख! ऊठ तिथून!"

"तुम्ही उठा, मग उठते."

"ऊठ म्हणते ना!"

"नाही."

"तुझ्या पोरीला काय सांगू मी?"

"तुम्ही काही सांगायला उरणार आहात थोड्याच?"

खिडकीची काच फुटली. मोठा आवाज झाला नाही, फक्त एक तडा वरच्या कोपऱ्यातून खाली आला आणि अर्धं तावदान आत, कापडाच्या ढिगावर, अलगद उतरलं. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. थोरली उठली. धाकटीचं मनगट तिने असं पकडलं की पुढे कितीतरी दिवस तिथे निळं राहिलं, आणि तिला ओढत दाराबाहेर काढलं.

वळणावर भेगेत आता पूर्ण हात गेला असता. काचेचे तुकडे भिंतीला दोन्हीकडे चिकटून होते, मधे पलीकडचा उजेड दिसत होता. पायऱ्या एका बाजूला कलल्या होत्या, इतक्याशा, पण पायाला कळत होतं. थोरली पुढे, मनगट न सोडता. "भिंतीला हात लावू नकोस. इकडून. इकडून ये. खाली बघ, माझ्याकडे काय बघतेस." पहिल्या मजल्यावर सरांच्या फळ्यावर अर्धं गणित होतं. तळमजल्यावर धाकटीच्या दुकानातले उभे ठेवलेले काचेचे ताव एकमेकांवर घासून किणकिणत होते. ती थांबली. थोरलीने तिला पाठीत धपाटा घातला. "ती काच आहे. चल!"

रस्त्यावर ऊन डोळ्यांत शिरलं. लोक जमले होते, बोगद्याच्या कामाचे पत्रे ओढून रस्ता अडवणं सुरू झालं होतं. इंजिनीअरबाईंनी दोघींना मोजल्यासारखं बोट केलं आणि पहिल्यांदाच एका जागी उभ्या राहिल्या. पोस्टमास्तर समोरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सर खडू हातातच ठेवून उभे होते. धाकटीची पोरगी पत्र्यांच्या पलीकडून "आई!" म्हणून ओरडत होती, कुणी तिला आत सोडत नव्हतं. धाकटीने तिला हात केला. दुसरा हात अजून थोरलीच्या मुठीत होता.

मग आतून आवाज आला. गाडीतून खडी ओतावी तसा, आणि तो थांबेना. दारातून धुळीचा लोट बाहेर आला आणि रस्त्यावर पसरला. सगळे मागे सरकले. धूळ बसायला लागली तेव्हा इमारत तिथेच उभी होती, खिडक्या, गॅलऱ्या, सरांच्या क्लासची पाटी, सगळं जागच्या जागी. पण उघड्या दारातून जिथे जिना दिसायचा तिथे नुसता ढिगारा होता, आणि त्याच्यावर वरून ऊन पडत होतं.

पोस्टमास्तर उठले, पुन्हा बसले.

थोरलीने धाकटीचं मनगट सोडलं. तिने आधी बायकांकडे पाहिलं. त्या फुटपाथवर गाठोड्यांवर बसल्या होत्या, तिच्याकडे न बघता. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं हे तिच्या मानेवरून कळत होतं, पण असलं बोलायची तिला सवय नव्हती, आणि इतक्या लोकांत तर नव्हतीच.

"चहा घेणार का?" ती शेवटी म्हणाली.

काजवालीने वर पाहिलं. "तुम्ही देणार कुठून? चूल आत राहिली."

"विकत."

"मग चालेल," काजवाली म्हणाली. "पण बाई, उद्या मी येते की नाही ते मला घरी जाऊन ठरवू दे."

"ठरव," थोरली म्हणाली. "मी तुझ्या जागी असते तर नसते आले."

गाडी पत्र्यांपाशी येऊन थांबली तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून आधी भोंगा वाजवल्याबद्दल ओशाळला, मग इमारतीकडे बघत राहिला. "माल?" त्याने अगदी हळू विचारलं.

"हा अर्धा इथे आहे," थोरली म्हणाली. "बाकीचा आत. कॉलर आतच राहिल्या. तुझ्या साहेबांना सांग, बिनकॉलरचे रखवालदार चालत असतील तर आत्ता ने. नसतील तर मला जागा द्या आणि एक यंत्र द्या, बसून देते. आणि दोन्ही नको असेल तर तेही सांग. मला ताटकळत ठेवू नका, एवढंच."

"मी फोन करतो," ड्रायव्हर म्हणाला. तो फोन लावून बराच वेळ ऐकत होता, मधेच इमारतीकडे बघून "नाही साहेब, डोळ्यांनी बघतोय मी," म्हणत होता. मग फोन खिशात टाकून त्याने गाडीच्या मागचा फाळका खाली पाडला. "विचारून सांगतो म्हणाले. तोवर वर बसा सगळ्या. उन्हात कशाला उभ्या राहता?"

बायका एकेक करून चढल्या. पोस्टमास्तरांना सरांनी हात दिला. थोरली फाळक्याच्या कडेला बसली, पाय खाली सोडून, आणि दाराआडच्या त्या ढिगाऱ्याकडे बघत राहिली. धाकटी पोरीला पत्र्यांतून आत घेऊन आली आणि गाडीपाशी उभी राहिली. चढावं की नाही ते तिला कळेना. आपण खरं बोललो म्हणून आज सगळे जिवंत आहेत, आणि आपण खरं बोललो म्हणून ताईचं यंत्र आत आहे. या दोन्हीपैकी कोणतं तोंड घेऊन तिच्या शेजारी बसायचं?

थोरलीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"उलटी कॉलर लावतात का कुणी?" ती ढिगाऱ्याकडे बघत म्हणाली. "लहान पोराला कळतं." आणि मग जागा करायला थोडी बाजूला सरकली. "चढ. पोरीला आधी घे."

धाकटी चढली. पोरगी मधे बसली. थोरलीच्या केसांत धूळ होती, ती झटकायला धाकटीने हात वर केला, आणि थोरलीने मान थोडी खाली केली, हात पोचावा म्हणून.